शशिनगरातले गुलाब

कॅप्टन शार्दूल आणि डॉक्टर मृण्मयी यांचं लग्न व्हावं, असं वासंतीबाई चिटणीसांना मनापासून वाटत होतं. ते दोघं चंद्रावर राहत होते, दोघंही कागदावरचे होते, आणि त्यांचं लग्न लावणं ज्या दोघांच्या हातात होतं त्यांची आपसांतली बोलचाल बंद झाली होती. ही शेवटची गोष्ट घडली नसती तर आधीच्या दोन गोष्टींची वासंतीबाईंना काही अडचण नव्हती.

त्याचं असं झालं. आर. के. पुरममधल्या मराठी मित्रमंडळाचं 'यमुनातीर' नावाचं एक त्रैमासिक होतं. संक्रांत, पाडवा, आषाढ आणि दिवाळी असे त्याचे वर्षाला चार अंक निघत. वासंतीबाईंचे यजमान दीनानाथ त्याचे संपादक. मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. कविता आवडली तरी समासात 'सहमत' असं लिहून खाली तारीख टाकणारे. वासंतीबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि 'यमुनातीर'ची मुद्रितं तपासत होत्या. ऱ्हस्व-दीर्घावर त्यांचं लक्ष असे, पण मन मात्र गोष्टीत कोण कोणाकडे बघून हसलं याकडे.

दोन वर्षांपूर्वी त्यात एक कादंबरी क्रमशः आली होती, 'सातव्या घुमटातला खून'. चंद्रावर माणसांची वसाहत, तिथे खून, आणि तपास करणारी डॉक्टर मृण्मयी. वसाहतीचं नाव आधी चंद्रपूर ठेवलं होतं, पण एका वैदर्भीय सभासदाने लेखी हरकत घेतल्यावर ते शशिनगर झालं. ही कादंबरी दोघांनी मिळून लिहिली होती. देविका साळवी ही वासंतीबाईंचीच विद्यार्थिनी, आर. के. पुरमात वाढलेली, पाणीपुरवठ्याचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. आणि उन्मेष राजाध्यक्ष पुण्याहून आलेला, परदेशी कंपनीची वॉशिंग मशिनं विकणारा, गुडगावला काचेच्या ऑफिसात बसणारा, कमरेला पेजर लावलेला. देविकाने चंद्र बांधायचा आणि उन्मेषने त्यावर माणसं सोडायची, अशी वाटणी होती. दोघांची तेव्हा फारशी ओळख नसल्यामुळे दोघंही एकमेकांशी सभ्यपणे वागले, आणि कादंबरी उत्तम झाली. शेवटच्या ओळीत कॅप्टन शार्दूल मृण्मयीला "मला तुला काही सांगायचंय," असं म्हणाला आणि कादंबरी संपली. त्यानंतर वर्षभर मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवात बायका दीनानाथांना विचारत होत्या, काय सांगायचं होतं त्याला?

म्हणून १९९८च्या संक्रांतीच्या अंकापासून दुसरा भाग सुरू झाला, 'जलपालाचा मृत्यू'. अंकात चार प्रकरणं, दोन तिची, दोन त्याची, आलटून पालटून. शशिनगरचा जलपाल, म्हणजे वसाहतीच्या पाण्याचा हिशेब ठेवणारा म्हातारा, टाकीच्या खोलीत मरून पडलेला सापडतो, अशी सुरुवात देविकाने केली. सुरुवात झकास होती. पण पुढचं सगळं प्रकरण तिने शशिनगरात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं यावर खर्च केलं. माणशी दिवसाला आठ लिटर. घाम, श्वास, भांडी धुतलेलं पाणी, सगळं गोळा होऊन पुन्हा टाकीत. थेंबाथेंबाची नोंद. आणि तरीही गेले काही आठवडे रोज थोडं पाणी कमी पडत होतं, हे जलपालाच्या लक्षात आलं होतं.

वासंतीबाईंनी ते प्रकरण तपासलं म्हणजे काय केलं, तर 'पुनःशुद्धीकरण' हा शब्द सगळीकडे सारखा आहे ना ते पाहिलं. मग उन्मेषचं प्रकरण घेऊन त्या कॉटवर आडव्या झाल्या.

उन्मेषने शार्दूल आणि मृण्मयीला धबधब्याखाली उभं केलं होतं.

"धबधबा?" देविकाने अंक हातात पडल्या दिवशीच दीनानाथांना फोन केला. "काका, आठ लिटर म्हटलंय मी. आठ. आणि हा माणूस धबधबा पाडतो."

"उद्यानातला आहे, शोभेचा," दीनानाथ म्हणाले.

"त्याला सांगा, पुढच्या अंकात मी तो बंद करणार आहे."

आणि तिने केला. पाडव्याच्या अंकात वसाहतीच्या प्रशासनाने धबधब्याला टाळं ठोकलं आणि पाण्याच्या अपव्ययाबद्दल शार्दूल-मृण्मयीला दंड केला. दीनानाथांकडून ते कळल्यावर उन्मेषने दोघांना चांदण्यात फिरायला पाठवलं. देविकाने पुढच्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात लिहिलं की चंद्रावर चांदणं पडत नाही, पडतो तो पृथ्वीचा उजेड, आणि घुमटाबाहेर फिरायचं तर शिरस्त्राण लागतं. म्हणजे त्या रात्री दोघांनी चुंबन घेतलं असेल तर काचेवर काच आपटल्याचा आवाज झाला असणार, एवढंच. मंडळातल्या तरुण पोरींना हे फार लागलं.

त्यानंतर देविकाने उन्मेषची प्रकरणं वाचणं बंद केलं. "माझं ब्लड प्रेशर वाढतं," ती म्हणाली. तिच्या प्रकरणांपुरतं मागे काय झालं ते दीनानाथ तिला फोनवर सांगत, आणि शांततेचे भोक्ते असल्यामुळे भांडण होईल असं सगळं गाळून सांगत. "काही विशेष नाही. दोघं भेटले, बोलले, गेले." उन्मेष तर देविकाची प्रकरणं पहिल्यापासूनच वाचत नव्हता. तो त्यांना 'पाइपांचा अध्याय' म्हणायचा. आणि संपादक म्हणून दीनानाथ सगळं वाचत होते खरे, पण ते फाइल वाचल्यासारखं. पान उलटलं की मागचं डोक्यातून निघून जाई.

म्हणजे ती कादंबरी सलग, सगळीच्या सगळी वाचणारं माणूस अख्ख्या दिल्लीत एकच होतं. ते म्हणजे वासंतीबाई, आणि त्याही निम्मी कादंबरी नुसत्या डोळ्यांनी वाचत होत्या.

एप्रिलात चिटणीस मंडळी द्वारकेला राहायला गेली.

निवृत्तीनंतर पैसे भरून ठेवलेल्या सोसायटीचा ताबा अखेर मिळाला होता. चौथा मजला, तीन खोल्या, मोठी बाल्कनी. दीनानाथांनी नकाशा दाखवला होता त्यात बाग होती, बाजार होता, बसथांबा होता. प्रत्यक्षात इमारत होती, आणि तिच्या चारी बाजूंना धूळ. लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट यायची होती. नळ होते, छान पितळी होते, पाणी यायचं होतं. बोअरिंगचं पाणी इतकं खारं की डाळ शिजेना. गोडं पाणी टँकरने येई, एक दिवसाआड, आणि त्याची वेळ ड्रायव्हरच्या मर्जीवर.

आर. के. पुरमच्या क्वार्टरात वासंतीबाईंकडे सतरा कुंड्या होत्या. हलवायच्या आधी त्यांनी छातीवर दगड ठेवून सगळ्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. "तिथे माणसांना पाणी नाही, झाडांना कुठलं," त्या म्हणाल्या. दीनानाथ नुसतं हं म्हणाले.

मग सुरू झाली टँकरची रांग. वासंतीबाई बादल्या घेऊन खाली बसत आणि वेळ जावा म्हणून आषाढ अंकाची मुद्रितं सोबत नेत. एके दिवशी त्यांनी देविकाचं प्रकरण काढलं. नेहमीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घ बघायला लागल्या, आणि बघता बघता वाचायलाच लागल्या. शशिनगरातली बाई तांदूळ धुतलेलं पाणी कशासाठी ठेवते, मग ते कुठे जातं. आजारी माणसाला जास्तीचं पाणी द्यायचं तर कोणाची सही लागते. पाहुणा आला तर त्याचं पाणी यजमानाच्या वाट्यातून जातं की वसाहतीच्या. वासंतीबाईंनी चश्मा पुसला. ही पोरगी हे सगळं जानेवारीपासून लिहीत होती आणि आपण 'पुनःशुद्धीकरण' मोजत बसलो होतो.

"क्या पढ़ रही हैं, आंटी?" शेजारच्या बादलीवर बसलेल्या मिसेस भाटियांनी विचारलं. त्या तिसऱ्या मजल्यावर राहत.

"चाँद पे एक सोसायटी है," वासंतीबाई म्हणाल्या. "वहाँ भी पानी का यही हाल है।"

मिसेस भाटिया सरकून जवळ आल्या. वासंतीबाईंनी हिंदीत सगळं समजावलं. रांगेतल्या आणखी दोघीतिघी वळल्या. पुढच्या वेळी टँकर यायच्या आधी त्या सगळ्या वासंतीबाईंभोवती बसल्या होत्या. शार्दूल कोण, मृण्मयी कोण, यात कोणाला रस नव्हता. "वो छोड़िए," मिसेस भाटिया म्हणाल्या, "कपड़े कैसे धोते हैं, ये बताइए।" वासंतीबाईंनी त्या दिवशी घरी येऊन संक्रांतीच्या अंकापासून देविकाची सगळी प्रकरणं पुन्हा वाचून काढली, या वेळी मन लावून.

एवढ्या हालात एक गोष्ट मात्र छान घडत होती. द्वारकेला आल्यापासून दीनानाथ रोज सकाळी फिरून येताना मोगऱ्याची दोन-तीन फुलं आणत आणि चहाच्या कपाशेजारी ठेवत. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "कोपऱ्यावर एक माळी बसतो," ते म्हणाले. वासंतीबाई आता टँकरच्या रांगेत केसांत फूल घालून बसू लागल्या.

जून लागला, आणि त्यांच्या लक्षात आलं की पिंपातलं पाणी कमी होतंय.

स्वयंपाकघरात गोड्या पाण्याची दोन पिंपं होती आणि त्यातलं किती घ्यायचं ते ठरलेलं होतं. तरी रोज थोडं कमी. त्यांनी तोटी तपासली. पिंपाखाली जुनं वर्तमानपत्र घालून पाहिलं, कोरडं ठणठणीत. मग शाळेतला खडू काढून पिंपाच्या आतल्या कडेला रात्री रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली.

"बाष्पीभवन," दीनानाथ म्हणाले. "दिल्लीचा उन्हाळा आहे."

"झाकण आहे पिंपाला."

"झाकणातूनही होतं थोडं."

वासंतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवल्यामुळे खोटं बोलणारा चेहरा त्यांना ओळखू येत असे, आणि हा चेहरा त्यांनी पूर्वी फारसा पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दीनानाथ फिरायला निघाले तेव्हा त्यांच्या हातात थर्मास होता. तो रोजच असायचा, पण आज वासंतीबाईंनी तो नीट पाहिला.

"थर्मास कशाला?"

"तहान लागते ना, चालताना."

दार लागलं. वासंतीबाई कानोसा घेत राहिल्या. जिन्यावर पावलं वाजली, पण ती खाली गेली नाहीत. वर गेली.

त्या चपला न घालता मागोमाग गेल्या. गच्चीचं दार उघडं होतं. पाण्याच्या रिकाम्या टाकीमागे, सावलीत, आर. के. पुरमची एक कुंडी होती. तीच, काठ उडालेली. मोगरा चांगला गुडघाभर वाढला होता, हिरवागार, कळ्यांनी भरलेला. आणि माजी अवर सचिव दीनानाथ चिटणीस उकिडवे बसून त्याच्या बुंध्याशी थर्मासच्या झाकणाने थोडं थोडं पाणी घालत होते, बाळाला वरणभात भरवल्यासारखं.

वासंतीबाईंना आधी राग आला. मग हसू आलं. यातलं कोणतं आधी बोलावं ते ठरेना, म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या. आणि तिथे उभ्या असताना, कळ्यांकडे बघता बघता, त्यांच्या अंगावर एकदम काटा आला. त्या खाली पायरीवर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "खून त्यानेच केलाय."

दीनानाथ दचकून वळले. झाकण हातातून पडलं. "कसला खून? थर्मासभर पाणी आहे गं. तुला मोगरा आवडतो म्हणून एवढी एकच कुंडी ठेवून घेतली. टेम्पोवाल्याला सांगून पुढे बसवून आणली."

"तुमचं नाही म्हणत मी. तुमचं नंतर बघते. शार्दूल. त्याने मारलंय जलपालाला."

"शार्दूल तर हिरो आहे."

"तो तिला दर भेटीत गुलाब देतो. पाडव्याच्या शेवटच्या प्रकरणापासून. लाल, ताजा, टपोरा. चंद्रावर कुठून येतो गुलाब? त्याने कुठेतरी झाड लावलंय, म्हातारा मरायच्याही आधी, फुलं यायला महिने लागतात. झाडाला पाणी लागतं. आठ लिटरात स्वतःचं भागत नाही तिथे झाड कसं जगेल? चोरलंय त्याने, रोज थोडं थोडं. आणि ते एकाच माणसाच्या लक्षात आलं होतं."

दीनानाथांनी झाकण उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं, थर्मासला लावलं.

"सहमत," ते म्हणाले.

इकडे कादंबरीचं घोडं शेवटावर अडलेलं होतं, हे सांगायला हवं. दिवाळी अंकात सगळं संपवायचं होतं आणि खुनी कोण हे दोघांपैकी एकाही लेखकाने ठरवलेलं नव्हतं. देविकाचं म्हणणं, खून झालेलाच नाही. झडप गळत होती, दाब वाढला, म्हातारा अपघातात गेला. तिने त्या झडपेची आकृतीही काढून पाठवली होती. उन्मेषचं म्हणणं, मंगळावरून आलेल्या एका हेराने मारलं असं दोन ओळींत उरकावं आणि उरलेली पानं लग्नाला द्यावीत. दीनानाथांनी दोन्ही शेवट छापायचा प्रस्ताव मांडून पाहिला. त्यावर दोघांनी स्वतंत्रपणे नाव काढून घेण्याची धमकी दिली.

वासंतीबाईंनी दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. दोघांनाही सांगितलं की दुसरं कोणी नाही.

देविका बसने आली, पुढे सायकलरिक्षाने, आणि वर येताच पदर झटकावा तशी ओढणी झटकून म्हणाली, "काकू, तुमच्या सोसायटीची पाइपलाइन कोणी आखली? उताराच्या उलट आहे." मागोमाग उन्मेष कंपनीच्या गाडीतून आला. देविकाला पाहून उंबऱ्यातच थांबला.

"काका, तुम्ही बोलला नाहीत," तो म्हणाला.

"मलाही हिने नव्हतं सांगितलं," दीनानाथ म्हणाले. ते खरं बोलत होते.

जेवण झालं. ते दोघं दीनानाथांमार्फत बोलत होते. "काका, त्यांना आमटी हवी का विचारा." "काका, सांगा त्यांना, आमटीत पाणी जास्त आहे, त्यांना आवडेल." शेवटी वासंतीबाईंनी ताटं उचलली, हात पुसले आणि वर्गात उभ्या राहाव्यात तशा दोघांसमोर उभ्या राहिल्या. पिंप, खडूची रेघ, मोगरा आणि मग शार्दूल, असं सगळं क्रमाने सांगितलं. दीनानाथ तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

देविका आधी म्हणाली, "कसले गुलाब?"

"दर प्रकरणात आहे एक," उन्मेष म्हणाला. पाडव्यापासून प्रथमच तो थेट तिच्याशी बोलत होता. "तू वाचलंच नाहीस?"

"तू गुलाब वाढवलेस? माझ्या पाण्यावर?"

"मला काय माहीत पाणी इतकं मोजून आहे. मी तुझी प्रकरणं..." तो थांबला.

"वाचली नाहीस," देविका म्हणाली. तिने पर्समधून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडायला लागली. मध्येच थांबून तिने विचारलं, "रोज एक फूल द्यायचा?"

"दर भेटीत. आठवड्याला दोनदा."

"म्हणजे निदान चार रोपं. दिवे, माती, पाणी..." ती लिहीत गेली, आणि एकदम पेन खाली ठेवलं. "काकू, जुळतंय. पहिल्या प्रकरणात मी रोजची जेवढी तूट लिहिलीय ना, तेवढंच पाणी. मी तो आकडा असाच टाकला होता, मनाने."

उन्मेषचा चेहरा उतरला होता. "काकू, तो असं करणार नाही. तुम्ही त्याला ओळखत नाही. तो तिच्यावर प्रेम करतो."

"म्हणूनच केलं ना रे त्याने," वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. हे लग्न व्हावं असं त्यांच्याइतकं कोणाला वाटत होतं? "आधी एक रोप लावलं असेल. वाटलं असेल, दोन भांडी पाण्याने काय होतंय. मग तिला फुलं कमी पडू नयेत म्हणून दुसरं. मग म्हाताऱ्याने विचारलं असेल, कॅप्टन, पाणी कुठे जातंय? मारायचं असं काही मनात नसेलही. ढकललं असेल नुसतं."

खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि वासंतीबाई सवयीने अर्ध्या उठल्या. दीनानाथांनी त्यांना हाताने बसवलं आणि स्वतः बादल्या घेऊन खाली गेले. आजकाल त्यांना बोलायची वेळ आली की ते पाणी भरायला जात.

"लग्न नाही मग," उन्मेष जरा वेळाने म्हणाला.

"तिलाच अटक करावी लागणार त्याला," देविका म्हणाली. "तपास तिच्याकडे आहे. ते मी लिहिते."

"तू नाही. तू हातकड्यांचं वजन लिहिशील." उन्मेष ताठ बसला. "ते मी लिहिणार. तो तिला शेवटचा गुलाब द्यायला येतो, आणि ती या वेळी तो हातात घ्यायच्या आधी विचारते, याला पाणी किती लागलं? बस, एवढंच. तो काहीच बोलत नाही."

देविकाने आकड्यांचं वर्तमानपत्र बाजूला सारलं. मग म्हणाली, "बरं आहे हे." आणि लगेच, "पण घुमटात असले पाहिजेत ते. शिरस्त्राण नको."

"नको?"

"तोंड दिसलं पाहिजे त्याचं."

दिवाळी अंक निघाला आणि दिल्लीतल्या मराठी घरांत हाहाकार उडाला. कांदा सोन्याच्या भावाने विकला जात होता, फराळाचं तेल महागलं होतं, पण चिटणीसांच्या फोनवर एकच विषय. एक निवृत्त ब्रिगेडियर म्हणाले की गणवेशातल्या माणसाला खुनी दाखवणं गैर आहे. एका बाईंनी विचारलं, फाशी तरी झाली नाही ना? विक्रांत नावाच्या कॉलेजातल्या मुलाने मात्र पोस्टकार्ड पाठवलं की आपण मागचे तिन्ही अंक काढून पुन्हा वाचले, सगळे दुवे आधीपासून होते, आणि इतकी पद्धतशीर रहस्यकथा मराठीत आपण वाचलेली नाही. लेखकांनी पहिल्या दिवसापासून काय नेमकी योजना आखली असेल. दीनानाथांनी ते कार्ड दोघा लेखकांना वाचून दाखवलं. दोघंही जमिनीकडे बघत राहिले.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी पहाडगंजच्या शाळेच्या सभागृहात अंकावर चर्चा ठेवली होती. एरवी अशा चर्चेला वक्ते आणि त्यांच्या बायका येत. त्या दिवशी मागे उभं राहायला जागा नव्हती. पहिलेच उठले मुरलीधर सबनीस, मंडळाचे माजी खजिनदार, जाड भिंगांचा चश्मा आणि त्याहून जाड आवाज असलेले.

"माझा आक्षेप असा," ते म्हणाले, "की हे प्रेमप्रकरण हवंच होतं कशाला? विज्ञानकथा आहे तर विज्ञान सांगा. गुलाबबिलाब मध्ये आणून तुम्ही एका चांगल्या वसाहतीचा सत्यानाश केलात."

उन्मेष उत्तर द्यायला उठणार तोच देविका उभी राहिली.

"प्रेमप्रकरण काढलं तर पाणी कोण चोरणार?" ती म्हणाली. "मी वर्षभर टाकी बांधली, सबनीस काका. नुसती टाकी कोण वाचतं? ती कोणीतरी फोडावी लागते. आणि फोडायला कारण लागतं. ते यांनी दिलं."

सभागृहात थोडी कुजबुज झाली. मग एका कोपऱ्यातून शिवांगी नावाची कॉलेजकन्या म्हणाली की आपला आक्षेप उलटा आहे, एवढ्या सुंदर प्रेमाला एवढ्याशा पाण्यासाठी बळी का दिलं?

या वेळी उन्मेष उठला. त्याने टाय सैल केला. "एवढंसं नाहीये ते," तो म्हणाला. "मी द्वारकेला जाऊन पाहिलं. मॅडमची प्रकरणं मी उशिरा वाचली, पण वाचली. माणशी आठ लिटर म्हणजे काय, ते तुम्ही बादलीत मोजून बघा. मग शार्दूलला माफ करा, करायचं तर."

वासंतीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी दीनानाथांना कोपराने ढोसलं. दीनानाथ डुलक्या घेत होते. ते "सहमत" म्हणून जागे झाले.

सभा संपली. बाहेर रिक्षावाल्यांनी द्वारका म्हटल्यावर नेहमीप्रमाणे मान फिरवली. उन्मेष म्हणाला, मी सोडतो, गाडी आहे. देविकाचं घर वाटेवर नव्हतं, पण तीही पुढच्या सीटवर येऊन बसली, आणि का, ते तिला कोणी विचारलं नाही. मागे वासंतीबाई आणि दीनानाथ. धौला कुआं यायच्या आधीच दीनानाथांची मान खिडकीला टेकली.

वासंतीबाई कान देऊन बसल्या. चौथीच्या वर्गापासून या पोरीला त्या ओळखत होत्या. आज तरी ही दोघं काहीतरी बोलतील असं त्यांना वाटत होतं.

"तुरुंगात त्याला पाणी किती मिळणार?" उन्मेषने विचारलं.

"सगळ्यांना मिळतं तेवढंच. कायदा आहे."

"ती भेटायला गेली तर?"

"गेली तर तिचं पाणी तिने सोबत न्यायचं."

"म्हणजे तिने स्वतःच्या वाट्यातलं त्याला द्यायचं ठरवलं, तर देता येईल?"

उजेड कमी होत चालला होता, विमानतळाच्या बाजूने एक विमान खाली येत होतं. "नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मनाई नाही केलेली मी. पण मोजून द्यावं लागेल."

"मोजून देईल ती," उन्मेष म्हणाला. "तिचा स्वभावच आहे तो."

"तुला काय माहीत तिचा स्वभाव? तो मी ठरवते."

"तू टाक्या ठरवतेस. स्वभाव माझ्याकडे आहे."

त्यावरून पुन्हा जुंपली. आवाज चढले, देविकाने हाताने डॅशबोर्डवर घुमटाचा आकार काढून दाखवला, उन्मेषने तो बघण्यासाठी गाडीचा वेग कमी केला. पुढे द्वारकेचं वळण आलं. नवा रस्ता, पाटी अजून लागायची होती. वळण आलं तसं मागे गेलं, आणि गाडी सरळ गुडगावच्या दिशेने चालत राहिली.

वासंतीबाईंनी ते पाहिलं. त्यांनी झोपलेल्या दीनानाथांच्या अंगावर शाल सारखी केली, सीटला नीट टेकून बसल्या आणि काही बोलल्या नाहीत.